ऑक्टोबरातला बारावा क्रमांक

२८ ऑक्टोबर २०१५. इटलीच्या सिरी ए स्पर्धेत सासुओलोविरुद्ध युव्हेंटसचा हंगामातला दहावा सामना. विसाव्या मिनिटाला निकोला सान्सोनेने मारलेली फ्री किक बचावपटूंच्या भिंतीवरून वळली आणि जान्लुइजी बुफॉनला चकवून जाळ्यात गेली. मध्यंतरापूर्वीच जॉर्जिओ किएलिनीला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि तो मैदानाबाहेर गेला. उरलेला वेळ दहा खेळाडूंनिशी झुंजूनही गोल काही झाला नाही. १० सामने, ३ विजय, ३ बरोबऱ्या, ४ पराभव, १२ गुण. सलग चार वर्षांचे विजेते आणि पाचच महिन्यांपूर्वी बर्लिनमध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळलेला हा संघ गुणतक्त्यात बाराव्या क्रमांकावर होता. अग्रस्थानावरचा रोमा ११ गुणांनी पुढे निघून गेला होता. शिट्टी वाजल्यावर बुफॉनने आपल्याच संघाच्या पूर्वार्धातील खेळावर जाहीर नाराजी व्यक्त केली.

मे महिन्यात हंगाम संपला तेव्हा युव्हेंटसच्या नावावर ९१ गुण होते आणि दुसऱ्या क्रमांकावरचे नापोली ९ गुणांनी मागे होते. सासुओलोच्या पराभवानंतरच्या २६ सामन्यांत युव्हेंटसने २५ जिंकले, एक बरोबरीत सोडवला.

असा पुनरागमनाचा पराक्रम वाचला की आपण लगेच जिद्द, इच्छाशक्ती, ड्रेसिंग रूममधले भाषण अशी कारणे शोधू लागतो. भाषणे झालीही असतील. पण फुटबॉलच्या हंगामाची संथ सुरुवात आणि नंतरची उभारी समजून घ्यायची, तर मला वाटते, आधी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. संघ खरोखर वाईट खेळतो आहे, की बरा खेळूनही निकाल हाती लागत नाहीत? आणि वाईट खेळत असेल, तर ज्या कारणाने खेळतो आहे ते कारण काळाबरोबर दूर होणारे आहे का? चाहत्याने ऑक्टोबरात आशा धरायची की नाही, हे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. गुणतक्ता दोन्हींबाबत फारसे काही सांगत नाही.

सुरुवात थोड्या गणिताने करू. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आणि इटलीच्या सिरी एमध्ये २० संघ असतात आणि प्रत्येक जण ३८ सामने खेळतो. मध्यम ताकदीचा संघ वर्षभरात साधारण एक तृतीयांश सामने जिंकतो. अशा संघाला पहिल्या सहा सामन्यांत एकही विजय न मिळण्याची शक्यता किती? प्रत्येक सामना स्वतंत्र धरला तर शंभरात आठ-नऊ. म्हणजे प्रशिक्षकाने काहीही चूक केली नाही, कोणी जखमी झाले नाही, तरी अशा डझनभर संघांपैकी एखाद्याच्या वाट्याला ही वेळ निव्वळ योगायोगाने येणारच. हीच सहा सामन्यांची रिकामी ओळ फेब्रुवारीत आली असती, तर संघ सहाव्यावरून नवव्या क्रमांकावर घसरला असता आणि त्याची फारशी चर्चाही झाली नसती. ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र तिच्यामागे आधीचे गुण नसतात. त्यामुळे संघ थेट तळाशी दिसतो आणि वर्तमानपत्रांत संकट हा शब्द छापून येतो.

युव्हेंटसचे मात्र या गणितात बसत नाही. विजेतेपदाच्या तोडीचा संघ दहातले सात सामने जिंकतो असे धरले, तर दहांत तीन किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता शंभरात एक इतकीच उरते. याचा अर्थ तिथे नशिबापलीकडे काहीतरी बिघडले होते. काय बिघडले होते, ते शोधायला फार खोल जावे लागत नाही.

त्या उन्हाळ्यात आंद्रेआ पिर्लो न्यूयॉर्कला गेला, आर्तुरो विदाल बायर्न म्युनिकला आणि कार्लोस तेवेझ मायदेशी बोका ज्युनियर्सला. खेळाची सूत्रे हलवणारा, मधल्या फळीत पळून पळून चेंडू हिसकावणारा आणि गोल करणारा असे तिघेही एकदम. त्यांच्या जागी पावलो डिबाला, मारिओ मांजुकिच, सामी खेदिरा, अॅलेक्स सांद्रो, हुआन क्वाद्रादो असे नवे चेहरे आले. त्यातला खेदिरा हंगामपूर्व मैत्रीपूर्ण सामन्यातच जखमी झाला आणि लीगमध्ये ऑक्टोबरात पहिल्यांदा उतरला. क्लाउडिओ मार्किझिओही काही आठवडे बाहेर होता. म्हणजे मधली फळी, जी या संघाचा कणा होती, ती कागदावरही पूर्ण नव्हती. सलामीला घरच्या मैदानावर उदिनेझेकडून ०-१, मग रोमाकडून १-२. सप्टेंबरात फ्रोसिनोनेविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली. फ्रोसिनोने त्या वर्षी इतिहासात पहिल्यांदाच सिरी एमध्ये आले होते आणि आधीचे चारही सामने हरले होते. भरपाई वेळेत कॉर्नरवर लिओनार्दो ब्लांशारने डोक्याने चेंडू मारला आणि त्या क्लबला सिरी एमधला पहिलावहिला गुण मिळाला, तोही विजेत्यांच्या घरी.

प्रशिक्षक मासिमिलियानो अलेग्री यांनी या काळात चार बचावपटूंची रचना आजमावून पाहिली, खेळाडू बदलून पाहिले. सासुओलोच्या पराभवानंतर तीनच दिवसांनी शहरातल्याच तोरिनोशी लढत होती. पॉल पोग्बाच्या गोलाने आघाडी मिळाली, ती उत्तरार्धात गेली, आणि १-१ वर सामना संपणार असे वाटत असताना ९३व्या मिनिटाला क्वाद्रादोने गोल केला. तो चेंडू जाळ्यात गेला नसता तर अलेग्री त्या पदावर राहिले असते का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या एका गोलाला सगळे श्रेय देणेही खरे नाही. नोव्हेंबरअखेर संघ ३-५-२ या जुन्या, अंगवळणी पडलेल्या रचनेकडे परतला. बार्झाल्यी, बोनुची आणि किएलिनी ही बचावाची तिकडी पुन्हा एकत्र उभी राहिली. खेदिरा आणि मार्किझिओ तंदुरुस्त झाले. तरुण डिबालाला संघाची सवय झाली आणि हंगामअखेर त्याच्या नावावर लीगचे १९ गोल लागले. १३ फेब्रुवारीला नापोलीविरुद्ध ८८व्या मिनिटाला सिमोने झाझाने मारलेला फटका बचावपटूला लागून आत गेला. हा सलग पंधरावा विजय होता, आणि त्याच रात्री युव्हेंटस हंगामात पहिल्यांदा अग्रस्थानी पोहोचले. मार्चमध्ये बुफॉनने सलग ९७४ मिनिटे गोल न खाण्याचा सिरी एचा विक्रम केला. ज्या बचावाला फ्रोसिनोने भेदत होते, त्याने अख्ख्या वर्षात २० गोल दिले.

मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांना ही कथा ओळखीची वाटेल. २०१५च्याच आयपीएलमध्ये मुंबईने पहिले चार सामने गमावले आणि शेवटी करंडक उचलला. पण आयपीएलमध्ये पहिल्या चारांत आले की बाद फेरीत नव्याने डाव मांडता येतो. युरोपच्या बड्या लीगमध्ये तशी सोय नाही. तिथे ऑगस्टातला गमावलेला गुण मेपर्यंत गमावलेलाच राहतो.

एकदाच घडलेली गोष्ट अपघात म्हणून सोडून देता येते. पण लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबबाबत तसे म्हणता येणार नाही. डेव्हिड मॉइस तिथे मार्च २००२ ते मे २०१३ अशी अकरा वर्षे व्यवस्थापक होते, आणि त्यांच्या काळात संथ सुरुवात हा त्या क्लबचा जणू स्वभावच होऊन बसला. २००५मध्ये पहिल्या आठपैकी सात सामने हरले, आठ सामन्यांत मिळून एक गोल केला, आणि हंगाम अकराव्या क्रमांकावर संपवला. २००९मध्ये सलामीलाच घरच्या मैदानावर आर्सेनलकडून १-६ असा मार खाल्ला आणि हंगामअखेर आठवे आले, तेही ६१ गुणांसह. २०१०मध्ये पहिल्या सहा सामन्यांत एकही विजय नाही, शेवटी सातवे. त्या सहांपैकी एक सामना मँचेस्टर युनायटेडविरुद्ध होता. ९० मिनिटे झाली तेव्हा एव्हर्टन १-३ ने मागे होते. भरपाई वेळेत आधी टिम केहिलने, मग मिकेल आर्तेताने गोल केला आणि सामना ३-३ सुटला. तक्त्यात त्या दिवशी जमा झाला एकच गुण, पण त्या दोन मिनिटांत घरच्या गूडिसन पार्क मैदानावर जो संघ दिसला तो तळाला राहणाऱ्यांतला नव्हता.

असे पुन्हा पुन्हा का होत होते? माझ्या मते मुख्य कारण खेळाडूंच्या बाजाराच्या वेळापत्रकात होते. प्रीमियर लीग ऑगस्टच्या मध्याला सुरू होते आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत चालते. श्रीमंत क्लब जूनमध्ये मनासारखा खेळाडू घेऊन मोकळे होतात. हात आखडता असलेल्या क्लबला थांबावे लागते: कोणी विकला गेला की त्या पैशातून दुसरा घ्यायचा, नाहीतर शेवटच्या दोन दिवसांत भाव उतरण्याची वाट पाहायची. एव्हर्टनने मारुआन फेलायनीला २००८मध्ये मुदत संपण्याच्या दिवशीच घेतले. २००९चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. बचावपटू जोलिऑन लेस्कॉटला मँचेस्टर सिटीने मागणी घातली होती आणि ऑगस्टचा बहुतेक भाग सौदा होणार की नाही यातच गेला. आर्सेनलविरुद्धच्या त्या सहा गोलांच्या दिवशी लेस्कॉट संघात होता, पण त्याच्या भवितव्याचा निकाल लागलेला नव्हता. तो गेल्यावर आलेल्या पैशातून सिल्व्हाँ दिस्तां, जॉन हायटिंगा असे खेळाडू आले, म्हणजे लीग सुरू झाल्यानंतर. त्यात आर्तेता आणि फिल जागिएल्का गुडघ्याच्या मोठ्या दुखापतींमुळे आधीच्या हंगामापासून बाहेर होते. आर्तेता जानेवारीत परतला. फेब्रुवारीत एव्हर्टनने दहा दिवसांच्या अंतराने चेल्सीला २-१ आणि मँचेस्टर युनायटेडला ३-१ असे हरवले.

२००५च्या घसरणीचे कारण वेगळे होते. आधीच्या हंगामात चौथे येऊन एव्हर्टनने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचा मान मिळवला होता. ऑगस्टातच विलारेआलशी दोन लढती झाल्या, त्यात हार पत्करावी लागली. मग युएफा चषकात बुखारेस्टला डिनामोकडून १-५. लहान संघावर एकाच वेळी दोन आघाड्यांचा ताण आला आणि पहिल्या आघाडीवरच्या निराशेचा परिणाम दुसरीवर झाला.

बाजाराच्या या तारखांचा जाच प्रशिक्षकांना इतका होता की प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१८ आणि २०१९ मध्ये आपली उन्हाळी मुदत हंगाम सुरू होण्यापूर्वीच बंद करून पाहिली. पण युरोपातल्या बाकी लीग उघड्याच राहिल्या. इंग्लिश क्लबांचा खेळाडू बाहेर जाऊ शकत होता, पण त्याच्या जागी दुसरा घेता येत नव्हता. २०२०पासून पुन्हा जुनी पद्धत आली.

आता पहिला प्रश्न: खराब निकाल आणि खराब खेळ यांत फरक कसा करायचा? गेल्या दशकभरात त्यासाठी ‘अपेक्षित गोल’ हे माप रुळले आहे. आधी मारले गेलेले लाखो फटके तपासून प्रत्येक जागेवरून, प्रत्येक कोनातून, पायाने किंवा डोक्याने मारलेल्या फटक्याचा गोल होण्याची शक्यता काढतात. पेनल्टीची किंमत सुमारे पाऊण गोल, तीस मीटरवरून मारलेल्या फटक्याची अगदी किरकोळ. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांच्या किमती मिळवल्या की संघाने किती गोलांच्या संधी तयार केल्या ते कळते. एखाद-दुसऱ्या सामन्यात हे माप फसवते, पण सात-आठ सामन्यांत तक्त्यापेक्षा जास्त खरे बोलते.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसची २०१७मधली गोष्ट इथे बारकाईने पाहण्यासारखी आहे. नवे व्यवस्थापक फ्रँक डी बोअर आले आणि पहिले तिन्ही सामने हरले. चौथा बर्नलीला. तिसऱ्याच मिनिटाला ली चुंग-योंगने न पाहता मागे पास दिला, तो क्रिस वूडच्या पायात पडला आणि गोल झाला. त्यानंतर खेळ जवळजवळ पूर्णपणे पॅलेसच्या ताब्यात होता. बर्नलीचा गोलरक्षक टॉम हीटन खांदा निखळून बाहेर गेला, त्याच्या जागी निक पोप नावाचा, प्रीमियर लीगमध्ये कधीही न खेळलेला गोलरक्षक आला आणि त्याने एकामागून एक फटके अडवले. अगदी शेवटी स्कॉट डॅनला गोलसमोर मोकळी हेडरची संधी मिळाली, त्याने चेंडू बाहेर घालवला. ०-१. दुसऱ्या दिवशी डी बोअर यांची हकालपट्टी झाली. नेमणुकीला ७७ दिवस झाले होते. माझे मत असे की क्लबने हा निर्णय चुकीच्या सामन्यावरून घेतला. त्या चार सामन्यांतला सर्वांत बरा खेळ तोच होता.

त्यांच्या जागी ७० वर्षांचे रॉय हॉजसन आले, क्लबच्याच क्रॉयडन भागात जन्मलेले. तेही पहिले तीन सामने हरले: साउदॅम्प्टन ०-१, मँचेस्टर सिटी ०-५, मँचेस्टर युनायटेड ०-४. सात सामने, शून्य गुण, शून्य गोल. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत अशी सुरुवात आधी कोणाचीच झाली नव्हती. मात्र सातपैकी शेवटच्या दोन लढती त्या वर्षीच्या पहिल्या दोन संघांशी, त्यांच्याच मैदानावर होत्या, आणि पॅलेसचा सर्वांत धोकादायक खेळाडू विल्फ्रेड झाहा पहिल्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर होता. १४ ऑक्टोबरला तो परतला. समोर गतविजेते चेल्सी. पॅलेसने २-१ असा सामना जिंकला आणि विजयी गोल झाहाचाच. हंगामअखेर ४४ गुण आणि अकरावा क्रमांक.

यावरून हॉजसन यांचे कौतुक करावे की सामन्यांच्या वेळापत्रकाचे? दोघांचेही, पण दुसऱ्याचे आपण नेहमी विसरतो. टॉटनहॅमने २००८मध्ये ८ सामन्यांत २ गुण घेतल्यावर हुआंदे रामोस यांना काढून हॅरी रेडनॅप यांना आणले. दुसऱ्याच दिवशी बोल्टनविरुद्ध विजय, तीन दिवसांनी आर्सेनलशी ४-४, तेही ८९व्या मिनिटाला ४-२ ने मागे असताना. संघ आठव्या क्रमांकावर पोहोचला. अशा कथांमुळेच व्यवस्थापक बदलणे हा रामबाण उपाय वाटतो. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास टेर वेल यांनी डच लीगचे १९८६ ते २००४ या काळातले हंगाम तपासले. प्रशिक्षक काढल्यावर निकाल सुधारतात हे खरेच निघाले. पण तेवढ्याच खड्ड्यात पडूनही ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही, त्या संघांचे निकालही तसेच सुधारले होते. नशिबाची उणी बाजू जास्त दिवस टिकत नाही, आणि ज्याची नेमणूक त्या सुमारास झाली त्याला श्रेय मिळते.

म्हणून युव्हेंटसने अलेग्रींना ठेवले याला मी मोठा निर्णय मानतो. टीका झाली, बातम्या आल्या, पण क्लबने बारावा क्रमांक पाहून घाई केली नाही.

आता दुसरी बाजू. ज्या मॉइस यांनी एव्हर्टनला वर्षानुवर्षे खड्ड्यातून वर काढले, ते २०१६मध्ये संडरलँडला गेले. पहिल्या दहा सामन्यांत २ गुण. संडरलँडचे चाहते तेव्हा फारसे हादरलेही नव्हते, कारण २०१३-१४मध्ये पहिल्या आठ सामन्यांत एकच गुण मिळवूनही त्यांचा संघ चौदावा आला होता. दरवर्षी शेवटी वाचायचे, याची त्यांना सवय झाली होती. या वेळी मात्र येणारा कोणी झाहा नव्हता, बाजारात खर्चायला फारसा पैसा नव्हता, आणि संधीही तयार होत नव्हत्या. ३८ सामन्यांत २४ गुण, विसावा क्रमांक, खालच्या श्रेणीत घसरण. पुढच्याच वर्षी आणखी एक श्रेणी खाली. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२५ उजाडले. तोच व्यवस्थापक, तशीच संथ सुरुवात. फरक इतकाच की कारणे काळाबरोबर दूर होणारी नव्हती.

आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमधले २०२२-२३चे बंगळुरू एफसी या सगळ्याचे जवळचे उदाहरण आहे. सप्टेंबरात त्यांनी मुंबई सिटीला हरवून ड्युरँड चषक जिंकला, म्हणजे संघात ताकद होती. लीगमध्ये मात्र पहिल्या १२ सामन्यांत ३ विजय, १ बरोबरी, ८ पराभव. मग नव्या वर्षात प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांच्या हाताखाली तरुण शिवशक्ती नारायणन गोल करू लागला आणि उरलेले आठही सामने संघाने जिंकले. त्यात १८ सामने अपराजित असलेल्या मुंबई सिटीवरचा २-१ असा विजयही होता. ३४ गुण, चौथा क्रमांक. उपांत्य फेरीत पुन्हा मुंबईच. अंधेरीच्या मैदानावर सुनील छेत्रीच्या हेडरने ०-१, परतीच्या लढतीत मुंबई २-१, आणि पेनल्टींवर बंगळुरू ९-८. मुंबईकरांना तो निकाल अजून बोचतो. १८ मार्च २०२३ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानविरुद्ध अंतिम सामना २-२ असा सुटला आणि पेनल्टींवर ३-४ असा हातून गेला.

त्या उन्हाळ्यात रॉय कृष्णासह काही खेळाडू क्लब सोडून गेले. नव्या हंगामाची सुरुवात लागोपाठ दोन पराभवांनी झाली. चाहत्यांनी मागचे वर्ष आठवून धीर धरला. डिसेंबरात ग्रेसन यांना जावे लागले, विजयांची मालिका या वेळी आली नाही, आणि २०२३-२४ संपले तेव्हा बंगळुरू १२ संघांत दहावे होते.